निकाल राखून ठेवलेले नाना

ज्या गावात रोज सकाळी शेकडो ट्रॉल्यांतील मालाचे भवितव्य बघता बघता ठरून जाते, त्याच गावातील एका गृहस्थाला एक मोटारसायकल ठरविण्यास वर्षांमागून वर्षे लागावीत, हा निव्वळ योगायोग नसून निसर्गाने साधलेला समतोल असला पाहिजे, असे लासलगावचा बाजार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला वाटल्यावाचून राहत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या येथील बाजार समितीचा आशियातील सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून लौकिक आहे. दिल्लीत एखाद्या अधिकाऱ्याने कांद्याच्या फाइलीवर लेखणी टेकविली की येथे दुपारच्या आत ट्रॅक्टरांची रांग तरी वाढते किंवा अंगण ओस तरी पडते. अशा या तातडीच्या गावात ज्याने तातडीशी आजन्म वैर धरले आहे, त्या कांदा-व्यापारी गृहस्थाला आपण सोयीसाठी नाना म्हणू. लासलगाव ज्यात येते त्या निफाड तालुक्यात नाना हे नाव नसून हुद्दा आहे. तो वयाने, जमिनीने किंवा पोटाच्या घेराने आपोआप प्राप्त होतो आणि त्यास सरकारी मंजुरी लागत नाही. शिवाय हे नाना एकटे नव्हेत. येवल्यात, मनमाडात, पिंपळगावात, जेथे म्हणून हंगामाचा पैसा येतो आणि चार लोक चहाला जमतात तेथे तेथे असा एक नाना असतोच. लासलगावचा हा त्यांतला अव्वल दर्जाचा नमुना, इतकेच.

नानांना सकाळी पाहावे. लिलावाचा पुकारा सुरू झाला की ते ट्रॉलीच्या फाळक्यावर पाय रोवतात, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचे दोन कांदे वर काढतात, अंगठ्याने मान दाबतात, डबल पत्ती आहे की नाही ते एका नजरेत पाहतात, बारीक गोल्टी किती आणि सडकी खाद किती याचा मनातल्या मनात अदमास घेतात आणि आकडा उच्चारून पुढच्या ट्रॉलीकडे वळतात. लाखाचा व्यवहार करताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. हेच नाना सायंकाळी चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसले आणि कोणी सहज विचारले, “काय नाना, झाली का मंग गाडी फायनल?” की त्यांचा चेहरा गंभीर होतो, हातातील बशी खाली येते, आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला शोभेल अशा स्वरात ते उत्तरतात, “अभ्यास चालू आहे.”

हा अभ्यास साध्यासुध्या वाहनाचा नाही. ज्यावर बसून मनुष्य डांबरी रस्ता असेल तर पाचशे किलोमीटर न थकता जावा आणि रस्ता संपला तरी ज्याने थांबू नये, अशा भव्य साहसी प्रवासी मोटारसायकलींचा तो अभ्यास आहे. या घराण्याची वंशावळ नानांना तोंडपाठ आहे. १९८० साली म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली, दुसऱ्याच वर्षी युबेर ऑरिओल या फ्रेंच वीराने तिच्यावर पॅरिस ते डकार ही शर्यत जिंकली, १९८८ साली होंडाची आफ्रिका ट्विन अवतरली, आणि २००४ साली दोन ब्रिटिश नट बीएमडब्ल्यूवर लंडनहून पूर्वेकडे निघून सैबेरियामार्गे न्यूयॉर्कला पोहोचले, ही सारी बखर ते अशा जिव्हाळ्याने सांगतात की नवख्या श्रोत्याचा त्या स्वारीत नानाही होते असा समज व्हावा. वास्तविक नानांचे सध्याचे वाहन शंभर सीसीचे असून त्याची मजल खळ्यापासून मार्केट यार्डापर्यंत आणि फार तर विंचूर चौफुलीपर्यंत जाते.

नानांचे वडील, अण्णा, या विषयात नेहमीच विरोधी पक्षकार राहिले आहेत. अण्णांनी आपल्या उमेदीत राजदूतच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून, मागे नानांच्या मातोश्रींना आणि पुढे टाकीवर खुद्द नानांना बसवून, भर पावसात, चिखलाच्या वाटेने चांदवडच्या रेणुकेचे दर्शन घडवून आणले होते. पण त्या पराक्रमाला साहस म्हणतात याची त्यांना वार्ता नसल्यामुळे ते त्याचे वर्णन “चांदवडला जाऊन आलो” एवढ्याच शब्दांत करीत. नव्या गाडीविषयी त्यांनी आजवर एकच प्रश्न विचारलेला आहे. “तिच्यावर गोणी बसंल का?” या प्रश्नाचे उत्तर नानांच्या दप्तरात अद्याप दाखल झालेले नाही.

दप्तर मात्र खरोखरीचे आहे. खळ्यावरील खतावणीची मागची कोरी पाने नानांनी या कामी राखून ठेवली असून, तेथे प्रत्येक गाडीला एक खाते दिले आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसच्या जमेस असे की तिला साखळी नाही, शाफ्ट आहे. आणि ज्या यार्डात वाऱ्याबरोबर कांद्याची टरफले उडत असतात तेथे तेल लावलेली उघडी साखळी म्हणजे टरफलांना आग्रहाचे निमंत्रण, हा नानांचा मुद्दा बिनतोड आहे. नावे असे की तिचे सिलिंडर दोन्ही अंगांनी बाहेर आलेले. दोन ट्रॉल्यांच्या मधून ती निघेल काय, हे पाहण्यासाठी नानांनी एकदा लिलावाच्या रांगेत टेप धरून मोजणी केली, आणि जमिनीचा वाद आहे की काय या संशयाने शेतकरी भोवती गोळा झाले. आफ्रिका ट्विनचे पुढचे चाक एकवीस इंची, म्हणजे खडकाळ वाटेला उत्तम, हे जमेस, परंतु तिच्या एका प्रकारात क्लचची दांडी नाही, गिअर आपले आपण पडतात, आणि “ज्याच्यात आपल्याला विचारायचीच पद्धत नाही, त्याच्यावर बसायचं कशाला?” हे नावे. ट्रायम्फ टायगर १२०० च्या रॅली एक्सप्लोररची टाकी तीस लिटरची. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपापाशी ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी जी प्रसिद्ध पाटी आहे, तिच्या धाकाने नाना या टाकीपुढे नेहमीच नरमतात. त्यांच्या स्वतःच्या खळ्यापासून पेट्रोल पंप हाकेच्या अंतरावर आहे, ही बाब ते अप्रस्तुत म्हणून फेटाळून लावतात.

डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही ४ ला पुढे आणि मागे रडार बसविता येते आणि पुढच्या वाहनाशी अंतर राखून ती आपला वेग आपणच सांभाळते, हे नानांनी ज्या दिवशी बाकावर सांगितले त्या दिवशी मोठीच चर्चा झाली. विंचूर रस्त्यावर पुढचे वाहन म्हणजे दोन ट्रॉल्या जोडलेला, मागचा दिवा नसलेला, टेपवर गाणी लावलेला ट्रॅक्टर. त्याच्या मागे अदबीने अंतर राखीत ही इटालियन सुंदरी थेट बाजार समितीच्या फाटकातून आत जाईल, रांगेत उभी राहील, आणि पुकारा करणारा तिचाही भाव काढील, अशी शंका एका अनुभवी चालकाने उपस्थित केली. नानांनी ती हसण्यावारी नेली नाही; खतावणीत टिपून घेतली.

तथापि या प्रकरणातील कळीचा मुद्दा निराळाच आहे, आणि तो म्हणजे नानांचे पाय. परमेश्वराने नानांना देताना बाकी सर्वत्र हात सैल सोडला, पण पायांच्या लांबीत काटकसर केली. जीएसची बैठक जमिनीपासून ८५० मिलिमीटर उंच. हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो; म्हणून त्याची प्रत्यक्ष चौकशी करण्याचे नानांनी ठरविले. एका दुपारी खळ्यावर, बायका कांदा निवडत बसलेल्या असताना, त्यांनी भरलेल्या गोण्या एकीवर एक रचवून घेतल्या, टेपने बरोबर ८५० ची खूण धरली, आतून जाकीट, गुडघ्यांची ढाल, बूट, हातमोजे आणि शिरस्त्राण असा संपूर्ण सरंजाम परिधान करून ते बाहेर आले (बाजारात तुरी म्हणतात त्याप्रमाणे हा पोशाख त्यांनी गाडीच्या कितीतरी अगोदर घेऊन ठेवलेला आहे), आणि दोन हमालांच्या खांद्यांचा आधार घेऊन त्या राशीवर स्वार झाले. डाव्या बुटाचा चवडा जमिनीला लागला. उजवा हवेत राहिला. मग नाना उजवीकडे कलले; तेव्हा उजवा लागला आणि डावा सुटला. काचेआडून नाना क्षितिजाकडे पाहत होते, तेथे त्यांना बहुधा लडाखमधला उमलिंग ला घाट दिसत असावा, इतक्यात खालची गोणी हळूच सरकू लागली आणि एक हमाल कळवळून ओरडला, “नाना, ब्रेक दाबा, माल घसरला!” निवडणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नानांनी उतरून, शिरस्त्राण काढून, घाम पुसून, खतावणीत शांतपणे नोंद केली की हार्ले-डेव्हिडसनच्या पॅन अमेरिकेत उभे राहण्याच्या वेळी बैठक आपोआप खाली येण्याची सोय मिळते, सबब त्या खात्याचा फेरविचार व्हावा.

पुढे पुण्याच्या एका शोरूममध्येही ते जाऊन आले. तेथील तरुण विक्रेत्याने जीएसची अश्वशक्ती सांगितली, फिरकीचा जोर सांगितला, पडद्यावरचे नकाशे दाखविले. नानांनी सगळे ऐकून घेतले आणि वजन विचारले. “दोनशे सदतीस किलो, सर.” नानांनी मनातच हिशेब केला : पन्नास किलोंच्या गोण्या पावणेपाच. “आणि ही आडवी झाली तर उभी करायला माथाडी किती लागतात?” विक्रेत्याजवळ या प्रश्नाचे छापील उत्तर नव्हते.

आता कोणी म्हणेल, नानांना गाडी घ्यावयाचीच नाही. हा आरोप अन्यायाचा आहे. नानांनी गाडी घ्यावयाचे अनेकदा ठरविले. सरकार आडवे आले. ऑगस्ट २०२३ मध्ये नाना जवळजवळ निर्णयाला पोहोचले होते, तोच कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले आणि लिलाव बंद पडले, सुनावणी तहकूब. सप्टेंबरात व्यापाऱ्यांचा संप, तहकूब. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये ती उठली, जूनमध्ये नवी जीएस हिंदुस्थानात वीस लाख पंच्याण्णव हजारांना दाखल झाली, आणि सर्वांना वाटले, आता योग आला. परंतु नाना पैसा रुपयांत मोजत नाहीत, क्विंटलांत मोजतात. भाव दोन हजार असेल तर ती गाडी सुमारे एक हजार सत्तेचाळीस क्विंटलांची. भाव हजारावर घसरला की तीच गाडी त्याच शोरूममध्ये उभ्या उभ्या दोन हजार पंच्याण्णव क्विंटलांची होते. रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव असलेली वस्तू शहाण्याने घ्यावी कशी? एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क पूर्णपणे उठले तेव्हा मित्रांनी पुन्हा आशा धरली. तर २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीच्या वरच्या गाड्यांवरील जीएसटी चाळीस टक्के झाला. बातमी वाचून बाकावर सगळे हळहळले. नाना मात्र बशीतला चहा संपवून प्रसन्नपणे म्हणाले, “बरं झालं, घाई केली नाही.”

या प्रसन्नतेचे मूळ शोधावयाचे तर येथल्या कांद्याच्या चाळीकडे पाहावे. उन्हाळ कांदा काढला की शेतकरी तो चाळीत भरतो आणि भाव चढेल या भरवशावर महिनोन्‌महिने राखतो. त्यात वजनाची घट होते, खालचा थर सडतो, पावसाळ्यात कोंब फुटतो, तरी ते राखण्यात जे धैर्य आणि जी आशा आहे तिच्यावर अर्धा तालुका जगतो. नानांनी आपला निर्णय तसाच चाळीत भरून ठेवला आहे. फरक इतकाच की हा माल सडत नाही, त्याची घट होत नाही, आणि दरवर्षी एखादी कंपनी नवे मॉडेल काढून त्यास ताजेपणा आणून देते. सकाळी दर ट्रॉलीपाशी होय किंवा नाही म्हणावेच लागणाऱ्या माणसाला, संध्याकाळी जेथे दोन्ही म्हणता येते असा एक प्रांत हवा असतो. चूक झाली तर जेथे कोणाचा पैसा बुडत नाही आणि कोणी तोंडावर कांदा आणून आपटत नाही.

गेल्या हंगामात गावातीलच एका उमद्या तरुणाने नानांचा सल्ला घेतला. नानांनी त्यास अनेक संध्याकाळी दिल्या. सात खाती वाचून दाखविली. तरुणाने सगळे ऐकले आणि आठवडा उलटण्यापूर्वी रॉयल एन्फील्डची हिमालयन ४५० घेतली, आणि पुढे तिच्यावर लेहपर्यंत जाऊन परतही आला. त्याच्या सत्कारास नाना आवर्जून हजर होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, कांद्याची मान दाबून पाहावी तसा मागच्या टायरला अंगठा टेकविला, आणि खेदाने म्हणाले, “चांगली आहे. पण थोडं थांबला असतास तर...” नाना म्हणाले ते खोटे नव्हते. थोडे थांबला असता तर त्याला आणखी थोडे थांबता आले असते.

घरातून या व्यासंगास काही अटकाव होत असेल असे कोणास वाटेल, तर तेही चूक आहे. माहेरच्या माणसांनी एकदा नानांच्या पत्नीपाशी, म्हणजे वहिनींपाशी, विषय काढला, की एवढ्या महागाच्या गाडीचे खूळ तुम्ही चालू कसे देता? वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबविला नाही. “गावात कुणाला दारू आहे, कुणाला पत्ते आहेत,” त्या म्हणाल्या, “ह्यांना गाडी न घ्यायचं व्यसन आहे. त्याला पैसा लागत नाही. मला भीती वाटते ती निराळीच. उद्या चुकून घेतली, तर हे बोलतील कशावर, आणि मी ऐकल्यासारखं करू तरी कशाला?”