एकदा दार लावून बघा

एमएच ०४ आणि एमएच ०५ या दोन पाट्यांच्या मुलखात, म्हणजे ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत, गाडीवर पैसे उधळणाऱ्यांचे बरेच पंथ आहेत. कोणी ॲलॉय व्हील घालतो, कोणी मागे स्पॉयलर बसवतो, कोणी अख्ख्या गाडीवर मॅट रंगाचं रॅप चढवतो. या मंडळींचं एक बरं असतं. त्यांनी काय केलंय ते सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्यालाही दिसतं, आणि त्याला काय वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसतं. डॅम्पिंगरावांची गोष्ट निराळी. त्यांनी डॅम्पिंगसाठी, म्हणजे पत्र्याचा आवाज दाबायला, दारांत, डिकीत आणि जमलं तर छतात ब्युटाइल रबराच्या चंदेरी शीट चिकटवून घेतलेल्या असतात आणि त्यावर पुन्हा पॅड बसवलेलं असतं. पाच आकडी खर्चाची पैठणी नेसून वर रेनकोट घालावा, तसला हा शौक. जे दाखवता येत नाही ते ऐकवावं लागतं. म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीही तावडीत सापडलं की डॅम्पिंगराव त्याला गाडीपाशी नेतात आणि म्हणतात, ‘काका, एकदा दार लावून बघा.’ काका दार लावतात. ‘ढप्’ असा भरीव आवाज येतो. ‘आता तुमचं लावा.’ काकांच्या गाडीचं दार ‘खडांग’ करतं, काकांचा चेहरा उतरतो आणि डॅम्पिंगरावांचे पैसे जागच्या जागी वसूल होतात.

माझं म्हणणं असं की डॅम्पिंगराव शांततेसाठी पैसे मोजतात हा सार्वत्रिक गैरसमज आहे, आणि त्यात ते स्वतःही सामील आहेत. ते पैसे मोजतात त्या ‘ढप्’साठी. पुरावा हवा असेल तर ते गाडीच्या कुठल्या भागाला आधी हात घालतात ते पाहा. गाडी चाळीस-पन्नासच्या पुढे गेली की टायरचा आवाज इंजिनावर चढतो आणि चाकांवरच्या कमानींतून, तळाच्या पत्र्यातून आत येतो. वेग आणखी वाढला की काचांच्या कडांशी वारा शिट्ट्या घालू लागतो. शांतताच हवी असेल तर आधी टायर बघावेत, मग कमानी, मग तळ, आणि दारांचे रबर तपासावेत. डॅम्पिंगराव सुरुवात करतात दारांपासून. नंतर डिकी, कारण तिलाही झाकण आहे आणि ते चारचौघांत आपटता येतं. त्यानंतर पैसे उरले तर छत. कमानी ‘पुढच्या दिवाळीला बघू’. ज्या भागाला बिजागरी नाही त्याच्यात त्यांचा जीव रमत नाही.

आता शीट नेमकं करते काय तेही पाहू, कारण इथे विज्ञान डॅम्पिंगरावांच्या बाजूने बोलता बोलता अचानक उलटतं. मोठा सपाट पत्रा थरथरतो म्हणून वाजतो. त्याला चिकट ब्युटाइलचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा वर्ख लावला की पत्रा आणि वर्ख यांच्यामध्ये रबर रगडलं जातं, थरथरीची ऊर्जा किंचित उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि पत्रा गप्प बसतो. त्यासाठी तो संपूर्ण मढवण्याची गरज नसते. टिचकी मारल्यावर जिथे वाजतो तिथला पाव-एक भाग झाकला तरी फायद्याचा मोठा वाटा पदरात पडतो. पुढच्या प्रत्येक शीटला फायदा घटत जातो, वजन मात्र घटत नाही, आणि दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीनेक किलो भरते. हे दुकानातला पोऱ्याही सांगेल, पण तो कशाला सांगेल? शिवाय डॅम्पिंगरावांनाच इंचभर पत्रा उघडा राहिलेला चालत नाही. पॅड बसायच्या आधी फोटो काढायची एकच संधी असते, आणि त्या फोटोत चंदेरी पत्र्यावर कंपनीचं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत छापलेलं दिसायला हवं. कंपनी कुठली घ्यायची यावर ते तीन महिने अभ्यास करतात. अमेरिकन घ्यावी की रशियन, पावणेदोन मिलिमीटर की सव्वादोन, यावर लग्नाच्या पंगतीत वाद घालतात. बजेट आखडलं की हेच गृहस्थ उल्हासनगरला जाऊन गच्चीची गळती बुजवायची डांबरी शीट घेऊन येतात. वरून तीही चंदेरीच असते. मग मे महिन्यात, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डांबर मऊ पडतं आणि गाडीला नुकत्याच खडी-डांबर टाकलेल्या रस्त्याचा वास येतो. डॅम्पिंगराव त्याला ‘नवीन मटेरियलचा वास’ म्हणतात.

आणि आवाज तरी कुठला? घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांच्या कडेने किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याच्या अलीकडे संध्याकाळी गाडी ज्या वेगाने सरकते, त्या वेगाला टायर तोंडच उघडत नाही. तिथे छळतात ते हॉर्न, मागच्या डंपरचे ब्रेक आणि शेजारच्या टेम्पोतलं गाणं. हा सगळा हवेतून येणारा आवाज, आणि त्याची वाट काचेतून आणि फटींतून आहे. तो अडवायला जड, सलग, बिनफटीचा पडदा लागतो. त्याचं वजन दुप्पट करावं तेव्हा कागदावरच्या हिशेबात सहा डेसिबल कमी होतात. दारातली शीट त्या कामाची नाही आणि काचेला शीट लावता येत नाही. म्हणजे ज्या आवाजाने डॅम्पिंगराव खरोखर वैतागलेले आहेत त्यावर हे औषध नाही, आणि ज्यावर हे औषध आहे तो आजार त्यांना वर्षातून चार वेळा, नाशिकला जाताना होतो. सर्वांसाठी शांतता हवी असलेला माणूस काय करतो याचं उदाहरण ठाण्यातच आहे. डॉ. महेश बेडेकर उत्सवांतल्या आवाजाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतच लिहिलेली आहे. पण त्या शांततेवर कुठल्याही कंपनीचं नाव छापलेलं नसतं, तिचा फोटो निघत नाही, आणि ती फुकटात शेजाऱ्यालाही मिळते. डॅम्पिंगरावांना हे तिसरं कारण विशेष खटकत असावं.

यावर त्यांची बाजू घेणारे म्हणतील की नाशिकच्या वाटेवर तरी फरक पडतो ना? पडतो, तळाला आणि कमानींना हात लावला असेल तर. पण तो दोन-तीन डेसिबलचा, कानाला जेमतेम कळणारा. आवाज निम्मा वाटायला दहाएक डेसिबल उतरावे लागतात. डॅम्पिंगराव ‘निम्मा झाला’ असंच सांगतात आणि मोबाइलवरचा आकडा दाखवतात. आधीचा आकडा त्यांनी शीळफाट्याला संध्याकाळी सातला घेतलेला असतो आणि नंतरचा रविवारी पहाटे, पार्किंगमध्ये. दुसरा आक्षेप संगीताचा, आणि तो मात्र वजनदार आहे. गाडीचा स्पीकर दारात बसतो, म्हणजे दार हीच त्याची पेटी. आतल्या पत्र्याला कारखान्यातूनच मोठी भोकं असतात. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज त्यांतून पुढे येतो, समोरच्या आवाजाला खातो आणि डग्गा पोकळ ऐकू येतो. भोकं बुजवली, पत्रा गप्प केला, की वसंतरावांच्या गाण्यामागचा तबला जागेवर येतो. कबूल. पण मग हेही कबूल करा की हा खर्च आवाज सुधारण्याचा आहे, घालवण्याचा नाही. याच पंथातली काही तरुण मंडळी तर आधी मूळ सायलेन्सर काढून गुरगुरणारा एक्झॉस्ट लावतात आणि मग ती गुरगुर आतल्या आत डोकं उठवते म्हणून डिकी मढवून घेतात. म्हणजे सगळ्या कल्याणाने ऐकायचं, फक्त चालकाने सोडून.

तरीही डॅम्पिंगरावांना वेडं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे गाडीची पारख पूर्वापार दार आपटूनच होते. कुर्ल्याची पद्मिनी ज्यांच्या घरी होती त्यांना दुसऱ्यांदा आपटल्याशिवाय दार लागलं असं वाटतच नसे. नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होऊ लागली, तेव्हा परदेशी दार कसं लागतं हे इथल्या लोकांना घराजवळच कळलं. ‘पत्रा बघा केवढा जाड!’ हे त्या आवाजाचं भाषांतर आपण तेव्हापासून करत आलो. २०१४ पासून ग्लोबल एनकॅप ही संस्था भारतीय गाड्या अडथळ्यावर आदळून दाखवत आलीय आणि सांगत आलीय की जीव वाचतो तो सांगाड्याच्या रचनेने आणि एअरबॅगने. तरी शोरूममध्ये सहकुटुंब गेलेला गृहस्थ आधी दारच आपटतो. डॅम्पिंगरावांनी एवढंच केलं की पत्र्याची जाडी न वाढवता तिचा आवाज विकत आणला. त्यात डोंबिवलीतल्या वन बीएचकेत, जिथे बेडरूमचं दार लावलं की ‘काय झालं रे?’ म्हणून आई लगेच ठोठावते, तिथे मनासारखं लावता येईल असं दार माणसाकडे गाडीचंच असतं. शीटच्या दुकानदारांनी हे आपल्या आधी ओळखलंय.

किंमत मात्र शीटच्या बिलावर थांबत नाही. दाराच्या तळाशी पावसाचं पाणी निचरायची भोकं असतात. उत्साहात तीही बुजली तर जुलैत प्रत्येक ब्रेकला दारात पाणी खळखळतं. पत्रा गप्प झाला की त्याच्या आड लपलेले आवाज पुढे येतात: डॅशबोर्डची कुरकुर, सीटबेल्टच्या बकलची टिकटिक, ग्लोव्ह बॉक्समधलं पाच रुपयांचं नाणं. मग त्यांच्यासाठी फोम, फेल्टची टेप, नव्या क्लिपा. आणि शेवटी गाडी विकायची वेळ येते. गिऱ्हाइकाने सोबत आणलेला मिस्त्री बोटाच्या पेराने दार वाजवतो, पुन्हा वाजवतो आणि मान हलवतो: ‘लांबी भरलीय. ठोकलेली गाडी आहे.’ डॅम्पिंगराव कळवळून ब्युटाइल, वर्ख, मिलिमीटर सगळं सांगतात, दाराचं पॅड खोलून शीट दाखवतात, त्यात दोन क्लिपा तुटतात. मिस्त्री आत डोकावून म्हणतो, माल चांगला आहे. गिऱ्हाईक विचारतं, ‘ते ठीक आहे हो, पण ॲव्हरेज किती देते?’