शेपूटकाका

आमच्या सोसायटीत नावाआधी ‘डॉ.’ लावणारे तिघे. एक दातांचे, एक बालरोगतज्ज्ञ आणि तिसरे शेपूटकाका. नव्याने राहायला आलेलं कुणी ना कुणी त्यांच्याकडे गुडघा दाखवायला जातं, आणि तासाभराने दुखरा गुडघा तसाच घेऊन, पण मेसेंजर आरएनएच्या शेपटाबद्दल सगळं काही कळून परत येतं.

काकांनी उभी हयात आरएनएच्या शेवटावर काढली. जनुकावरून उतरलेली नक्कल नेमकी कुठे कापायची आणि कापलेल्या टोकाला शेपूट कसं लावायचं, एवढाच त्यांचा प्रांत. गंमत अशी, की शेवटावर पीएचडी केलेल्या या माणसाला कशाचाच शेवट करता येत नाही. “बरं, निघतो,” म्हणून ते उठतात, दाराशी येतात, एक पाय चपलेत सरकवतात आणि दुसरा उंबऱ्याच्या आत ठेवून खरं व्याख्यान सुरू करतात. बोलताना दाराची कडी वरखाली करत राहतात. आमची कडी त्यामुळे ढिली झाली आहे.

“ए-ए-यू-ए-ए-ए!” हे म्हणताना त्यांचे डोळे मिटतात. शंकराच्या भक्ताला जसा षडक्षरी मंत्र, तशी काकांना ही सहा अक्षरं. १९७६ साली केंब्रिजमध्ये प्राउडफूट आणि ब्राउनली या दोघांनी मोजक्याच आरएनएंची टोकं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा हा मंत्र प्रत्येकात सापडला. त्याच्यापुढे साधारण १० ते ३० अक्षरांवर कात्री चालते, आणि मग टोकाला ‘ए’मागून ‘ए’ लागत जातात. सस्तन प्राण्यांत २०० ते २५० पर्यंत. “आणि हे शेपूट जनुकात लिहिलेलंच नसतं बरं का, मागाहून जोडतात!” काका हे सांगतात तेव्हा मला त्यांनी वार्षिक सभेत केलेलं आभारप्रदर्शन आठवतं. चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या.

त्यांच्या दिवाणखान्यात, जिथे लोक तिरुपतीला काढलेला फोटो लावतात, तिथे एक लांबलचक प्रिंटआउट चिकटवलेला आहे. माणूस, उंदीर, गाय, कुत्रा, हत्ती यांच्या एकाच जनुकाची शेवटची अक्षरं एकाखाली एक. मधून पिवळ्या हायलायटरचा सरळ उभा पट्टा. “माणूस आणि उंदीर यांच्या वाटा वेगळ्या होऊन आठ-नऊ कोटी वर्षं झाली. आजूबाजूची अक्षरं किती बदलली बघा. आणि ही सहा? जागची हललेली नाहीत!”

“यांचा बनियनही त्याच जातीचा,” आतून वहिनी म्हणतात.

दुसऱ्या जागी ‘ए’ऐवजी ‘यू’ असला तरी पुष्कळ जनुकांचं भागतं. काका हे मान्य करतात, पण मुलीने ठरवलेला जावई मान्य करावा तसे. मात्र बीटा-ग्लोबिनचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येतो. त्या जनुकात या सहांतलं एक अक्षर बिघडलं की कापायची जागा चुकते, हिमोग्लोबिन कमी पडतं आणि माणसाला थॅलेसेमिया होतो. अशी कुटुंबं डॉक्टरांना खरोखरच आढळली आहेत. एवढं सांगताना काका कडी हलवायचे थांबतात.

काकांना भीती एकाच गोष्टीची : आरएनए तोडणारं एन्झाइम. ते आपल्या बोटांवर, घामात, सगळीकडे असतं, आणि उकळूनही धड मरत नाही. म्हणून काका हस्तांदोलन करत नाहीत, लांबून नमस्कार करतात. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या टिप्सच्या डब्यावर मार्करने लिहिलं आहे : ‘फक्त आरएनएसाठी. हात लावणाऱ्याला बघून घेईन.’ गणपतीत प्रसाद वाटायला मात्र त्यांनाच बसवतात. हातमोजे घरून आणतात.

२०२१ साली त्यांचे दिवस आले. जो तो एमआरएनए लशीबद्दल विचारू लागला. लस सुरक्षित आहे का, एवढंच लोकांना हवं होतं. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर फायझरच्या लशीचं शेपूटच टाइप करून टाकलं : आधी तीस ‘ए’, मध्ये दहा अक्षरांचा सांधा, मग सत्तर ‘ए’. खाली सेक्रेटरींचं उत्तर आलं, “काका, फोन खिशात दाबला गेलाय का?”

माणूस निर्मळ आहे. विचारलंत तर पोराच्या प्रोजेक्टला दोन रविवार देतील, आणि चहाशिवाय काही घेणार नाहीत. गेलात तर अवश्य ऐका. फक्त पेशी विभागताना लागणाऱ्या हिस्टोनच्या आरएनएला शेपूटच नसतं, हे वाक्य त्यांच्यासमोर काढू नका. जेवूनच निघावं लागेल.