कॅसेटवाला

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटवर ‘कॉन्ट्रा’ खेळत मोठी झालेली बहुतेक मुलं पुढे मार्गाला लागली. काही मात्र कॅसेटवाले झाले.

हा इसम साधारण पंचेचाळिशीचा असतो. नोकरी चांगली, कर्जाचे हप्ते वेळेवर, सोसायटीच्या मीटिंगला शेवटच्या रांगेत. शनिवारी ‘जरा बुधवार पेठेत जाऊन येतो’ म्हणून निघतो, आणि घरच्यांना कळतं की आज तपकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. येताना खिशात प्लास्टिकच्या पिशवीतल्या चिपा असतात. पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असलेल्या, जुन्या, कुणीतरी मोडीत काढलेल्या. त्या पुसायच्या, संगणकाला जोडलेल्या प्रोग्रामरने त्यांवर नवा गेम भरायचा आणि घरच्या घरी कॅसेट बनवायची, हा त्याचा उद्योग.

पुसायला अतिनील प्रकाश लागतो. त्यासाठी त्याने जुन्या वॉटर प्युरिफायरमधली यूव्ही नळी काढून स्टीलच्या डब्यात बसवली आहे.

“अरे, पोह्यांचा डबा कुठाय?” आई विचारते.

“उघडू नकोस गं! डोळ्यांना वाईट. वीस मिनिटं थांब.”

पोहे तेव्हापासून पिशवीतच आहेत. पुसून, भरून झालेल्या चिपेच्या खिडकीवर तो सफरचंदावरचा स्टिकर चिकटवतो. काच उघडी राहून चिप थेट उन्हात पडली, तर काही दिवसांत आतला मारिओ पुसला जातो. सफरचंद त्या घरात स्टिकर बघून घेतात. गोडीचं नंतर पाहू.

कॅसेट बनवण्यापेक्षा ती का चालत नाही हे शोधण्यात त्याला खरी गोडी. शेजारच्या जोशीकाकांनी माळ्यावरची बंद कॅसेट आणली, की तो नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा डोळे मिटतो.

“आवाज येतो?”

“येतो की. गाणं वाजतं.”

“आणि चित्र?”

“सगळी खिचडी.”

“मग प्रोग्राम शाबूत आहे. चित्रांच्या चिपेचा घोळ. पडदा नुसता कोरा असता, तर प्रोग्रामची चिप धरली असती.”

निदान बरोबर असतं, हीच पंचाईत. कारण मग व्याख्यान सुरू होतं. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० केबींचा: ३२ प्रोग्रामचे, ८ चित्रांचे. “तुमच्या ‘शुभ सकाळ’मधलं गुलाबाचं फूल याहून जड असतं, जोशीकाका!” संगणकावरच्या फाइलीच्या सुरुवातीला १६ बाइटांची पाटी असते. ती न कापता फाइल चिपेत भरली, तर सगळा मजकूर सोळा घरं पुढे सरकतो आणि कन्सोलला सुरुवातच सापडत नाही. जोशीकाकांना दळण आणायचं असतं. पण आता आडव्या आणि उभ्या मिररिंगच्या टाक्यांचा विषय निघालेला असतो. “मारिओ आडवा पळतो, म्हणून तुम्ही आडव्या मिररिंगचा टाका माराल. हो ना? फसलात! उभं जोडायचं. नाहीतर तो थोडा पुढे गेला, की समोरची जमीन विस्कटते.” हे वाक्य त्याने मेहुण्याच्या लग्नातही, पंगतीत बसून, मठ्ठ्याच्या वेळी ऐकवलेलं आहे.

एकदा अमेरिकेतल्या आतेभावाने तिकडचं गेमचं अस्सल मशीन आणलं, तेव्हा तर त्याला सणच वाटला. आपल्याकडच्या नकली मशीनला जपानी पद्धतीची ६० पिनांची कॅसेट, अमेरिकन मशीनला ७२ पिनांची. शिवाय तिथे कुलपाची चिप: मशीनमधली आणि कॅसेटमधली जुळली नाही, तर मशीन पुन्हापुन्हा सुरू होतं आणि लाल दिवा मिचकावत बसतं. आतेभाऊ जेवून वामकुक्षीला गेला. उठून पाहतो तो मशीन उघडं, आणि कुलपाच्या चिपेचा चौथा पाय वर उचललेला. “आता दिवा मिचकावणार नाही, दादा,” हा अभिमानाने म्हणाला. दादा बराच वेळ मिचकावत राहिला.

रात्री अकराला भिंग लावून, मल्टिमीटरची टोकं एकेका पायावर टेकवत तो बसलेला असतो. टूं... टूं... टूं... आणि मग शांतता. “सापडला! ड्राय सोल्डर!” आतून बायको म्हणते, “अरे, हळू. उद्या पोरांची परीक्षा आहे.” सोल्डरिंग गन टेकते, राळेचा धूर निघतो, टाका चकाकतो. टीव्हीवर गाणं सुरू होतं, मारिओ एक उडी मारतो, आणि हा स्विच बंद करतो.

“बाबा, मी खेळू?”

“थांब रे, टेस्टिंग चाललंय.”

टेस्टिंग दिवाळीपासून चाललं आहे. चालणाऱ्या कॅसेटमध्ये त्याला काडीचा रस नाही. ती खोक्यात जाते आणि तो दुसरी बिघडलेली उचलतो. तो गेम खेळत नाही, बिघाड खेळतो, आणि त्या खेळात त्याच्या तोडीचा खेळाडू गल्लीत नाही.

पैसे तो घेत नाही, फक्त वेळ घेतो, तोही तुमचा. तेव्हा माळ्यावर जुनी कॅसेट सापडली, तर भंगारात घालू नका; त्याला नेऊन द्या. मात्र त्याच्यासमोर तिच्यात फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिनांना गंज चढतो, हे तो तासभर समजावून सांगेल.