सोऱ्या नव्हे, काडतूस

छर्ऱ्याचे काडतूस घरी भरण्याची रीत ठरलेली होती. उडालेल्या पुठ्ठ्याच्या नळीची फुटकी टोपी काढायची, नवी बसवायची. मग दारू, बोळा, छर्रे, वर पातळ चकती, आणि शेवटी नळीचे तोंड आत वळवायचे. पायरीगणिक हत्यार वेगळे, त्यामुळे अशा पेटीत वस्तू पुष्कळ. भिलाईच्या हुडकोतल्या एका व्हरांड्यात अशीच पेटी उघडली आहे.

वारसदार : हा आजोबांचा सोऱ्या. टेबलाला आवळायचा, दांडा फिरवायचा, शेवया पाडायच्या.

जाणकार : यातून शेवया पडत नाहीत. दांडा फिरला की काडतुसाची कड आत वळते.

भंगारवाला : पितळ आहे. किलोवर घेतो. लाकूड वजा.

वारसदार : आणि हे चहाचं माप?

जाणकार : त्यावर ड्रॅम आणि औंस आहेत. ड्रॅम दारूचे, औंस छर्ऱ्यांचे. एक ड्रॅम म्हणजे 1.77 ग्रॅम, तोही काळ्या दारूचा. आजची बिनधुराची दारू त्या मापाने भरली, तर बंदूक फुटेल.

वारसदार : यावर 12 कसले?

जाणकार : बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, की एकीचा व्यास तोच नळीचा : साधारण 18.5 मिलिमीटर. 16 बोअर 16.8.

भंगारवाला : आकडा वाढला की भोक लहान? आमच्या तराजूसारखंच!

जाणकार : हे रिकामं काडतूस पाहा. बुडावर के. एफ. : खडकीचा कारखाना, 1869 पासूनचा. हत्यारं मात्र शेफील्डची असावीत.

वारसदार : आणि आजोबा नागपूरचे. तरी तिघांचं जमलं!

जाणकार : किंमत चार गोष्टींवर. पहिली, ठसा : जेम्स डिक्सन किंवा हॉक्सली असेल तर मागणी. दुसरी, बोअर : 12 चे नग मुबलक, वेगळ्या बोअरचे कमी. तिसरी, संच पुरा आणि मूळ पेटीत आहे का. चौथी, स्थिती. भाव पाहायचा तो लिलावात प्रत्यक्ष मिळालेला. विकणाऱ्याने सांगितलेला नव्हे. यावर ठसा कुठंय?

वारसदार : होता थोडासा. काल चिंच लावून घासलं. कसं लखलखतंय!

जाणकार : पितळेवरचा काळपटपणा हा त्याच्या वयाचा दाखला. तुम्ही दाखलाच धुतलात.

भंगारवाला : म्हणजे पुन्हा किलोवर!

जाणकार : थांबा. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘दारूगोळा’ या शब्दात तो बनवायची यंत्रसामग्रीही येते.

भंगारवाला : हा सोऱ्या कायद्याने काडतूस?

जाणकार : तसं धरूनच चाला. विकण्याआधी दुर्गला परवाना शाखेत विचारा.

भंगारवाला : (तराजू उचलत) आज फक्त रद्दी घेतो.

वारसदार : आई तर रोज या मापाने चहा घालते!

जाणकार : त्यात शिसं मोजलेलं आहे. चहाला चमचा घ्या.