कलम २१, मुक्काम पोस्ट सोनारी

परंडा तालुक्यात सोनारी आहे, सोनारीत काळभैरवनाथ आहे आणि भैरवनाथाच्या देवळाभोवती माकडं आहेत. काळभैरव म्हणजे काशीचा कोतवाल. ज्या माणसाची उभी हयात पोलिसांशी हुज्जत घालण्यात गेली, त्याचं कुलदैवतच कोतवाल निघावं, हा योग आमच्या वकीलसाहेबांच्याच कुंडलीत. चैत्रातल्या यात्रेला ते न चुकता नारळ फोडतात, पण गाभाऱ्यात हात जोडतानासुद्धा चेहरा असा, की देवाकडे अटकेची कारणं लेखी मागताहेत.

हे वकीलसाहेब म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. परंडा, भूम, बार्शी, कुठल्याही कोर्टाच्या बाररूममध्ये डोकवा, मानवी हक्कांचा एक तरी वकील कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवर बसलेला सापडेलच. मी त्या सगळ्यांना मिळून एकच काळा कोट चढवलाय आणि राहायला सोनारीत घर दिलंय.

कोट शिवला तेव्हा काळा होता, आता खांद्यावर तांबूस झालाय. मोटारसायकलच्या डिकीत संविधानाची प्रत, वकीलपत्राचे कोरे फॉर्म, टॉवेल आणि भैरवनाथाचा अंगारा एकत्र नांदतात. भिंतीवर तीन फोटो आहेत: बाबासाहेब, या धाराशिव जिल्ह्यानंच दिलेले शेकापचे भाई उद्धवराव पाटील, आणि न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. तिसरा फोटो कुणाचा हे विचारायची चूक करू नका. आणीबाणीपासून सुरुवात होते आणि दुपारचं जेवण चुकतं.

साहेबांचा फोन रात्री कधी बंद नसतो. फोन उचलला की माणसं ‘हॅलो’ म्हणतात, साहेब म्हणतात, “कलम कोणतं?” कारण रात्री दोन वाजता येणारा फोन एकच असतो: “साहेब, भावाला उचललंय.” मग मोटारसायकलला किक. पोलीस ठाण्यात गेल्यावर साहेब आधी डी. के. बसू खटल्याचा निकाल काढतात. अटक केली तर मेमो करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा. ठाणे अंमलदाराला हे सगळं आता पाठ झालंय. साहेब दारात दिसले की तो स्वतःच म्हणून दाखवतो आणि चहा सांगतो. साहेब चहा घेतात, पण पैसे आपले आपण देतात. पोलिसांच्या चहानं पक्षपाताचा संशय येतो, असं त्यांचं मत.

अशा कामाची फी ते घेत नाहीत. मग चूल कशावर पेटते? हक्कसोडपत्रांवर. तालुक्यात वकिलाला बारमाही पीक हेच. वडील गेले की भाऊ बहिणींना जीपमध्ये घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणतात, आणि “राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय” हा मजकूर आमचे मानवी हक्कांचे वकील लिहून देतात. एकदा मी समोर होतो. साहेबांनी कागद पुढं सरकवला, पण अंगठ्याची शाई मागं ओढली.

“ताई, काय लिहिलंय ते कळतंय ना? १९९४ पासून महाराष्ट्रात तुम्हाला भावाइतकाच वाटा आहे. २००५ मध्ये तर दिल्लीनंही तेच केलं.”

भावानं डोळे वटारले. ताई शांतपणे म्हणाली, “समदं कळतंय ओ साहेब. पर दिवाळीला माहेर पायजे का नको?”

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नाही. साहेबांनी शाई पुढं केली आणि त्या दिवशीची फी मोजून न घेताच खिशात टाकली.

राजकारणात ते शिरले गायरानामुळं. गायरानावर राहणाऱ्या पारध्यांची प्रकरणं त्यांनी घेतली होती. भूमिहीनांनी कसलेलं गायरान नावावर करायचं, तर १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून कब्जा असल्याचा पुरावा लागतो. ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि स्वतंत्र देशानं १९५२ मध्ये कागदावर मोकळं केलं, त्यांच्याकडं जुनी पावती कुठून असणार? साहेबांनी डोकं लढवलं. पोलिसांनी त्यांना जितक्या वेळा संशयावरून उचललं, तितक्या वेळा कागदावर पत्ता लिहिला होता: ‘राहणार गायरान’. साहेबांनी पोलिसांच्याच जुन्या कागदांच्या नकला काढल्या आणि कब्जाचा पुरावा म्हणून तहसीलला जोडल्या. “तुम्ही यांना चाळीस वर्षं याच पत्त्यावरून उचलताय. मग हे राहतात कुठं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?”

तहसीलदारांना युक्तिवाद पटला. ते म्हणाले, “फक्त आमदारसाहेबांचं एक पत्र आणा.”

साहेब भडकले. त्याच सुमारास, २०२२ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या उपळ्याची बातमी देशभर गाजली होती. तिथं बत्तीस एकर जमीन सरकारी कागदोपत्री चक्क माकडांच्या नावावर आहे. साहेब गावभर सांगत सुटले, “उपळ्याच्या माकडाला जमीन आहे, आणि माझ्या पारध्याला पत्र लागतं!” ऐकणारे देवळाच्या शिखराकडं बघत म्हणाले, “मग आपल्या माकडांचं काय करताय साहेब? त्यांचाबी अर्ज टाका की.” साहेबांनी मात्र ठरवून टाकलं, की पत्र मागत फिरण्यापेक्षा पत्र लिहिणारा व्हायचं.

एका मोठ्या पक्षाचे निरीक्षक आले. त्यांनी विचारलं, “खर्च किती करणार?” साहेब म्हणाले, “विधानसभेला मर्यादा चाळीस लाख आहे.” निरीक्षक खूश झाले. साहेबांनी खुलासा केला, “मर्यादा म्हणजे जास्तीत जास्त. माझ्याकडं सत्तर हजार आहेत.” निरीक्षकांनी उरलेला चहा न पिताच गाडी काढली.

साहेब अपक्ष उभे राहिले. दहा हजार अनामत भरली. चिन्ह मिळालं शिट्टी. इतकी वर्षं शिट्टीवाल्यांशी भांडून शेवटी तीच हातात आली. भैरवनाथाचीच करणी, दुसरं काय?

मग शपथपत्र. पाण्यासाठी केलेले रास्ता रोको, तहसीलपुढची धरणी, जमावबंदी मोडल्याचे महाराष्ट्र पोलीस कायदा कलम १३५ चे गुन्हे, सगळं लिहावं लागलं. शिवाय प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवारानं ते प्रचाराच्या काळात तीनदा वर्तमानपत्रात छापायचे असतात. सत्तर हजारांतला मोठा घास त्या जाहिरातींनीच खाल्ला. पण गंमत अशी, की गावात साहेबांचं वजन वाढलं ते त्यानंच. पारावर एक जण चष्मा लावून मोठ्यानं वाचत होता आणि बाकीचे आदरानं ऐकत होते. “अकरा गुन्हे! अन् आपण यांना साधा माणूस समजत होतो.”

सभा मात्र साहेबांनी आपल्या पद्धतीनंच घेतल्या. “१९४८ च्या १७ सप्टेंबरला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिसला मंजूर झाला १० डिसेंबरला. म्हणजे धाराशिव जगाच्या तीन महिने पुढं होतं!” मागून आवाज आला, “अन् आता किती मागं हाय?” साहेब गडबडले नाहीत. कलम १४, कलम १९ करत ते जगण्याच्या हक्काच्या कलम २१ वर पोचले, तेव्हा समोर सतरंजी, दोन कार्यकर्ते आणि प्रसादाच्या आशेनं आलेलं एक माकड उरलं होतं.

खरा घोटाळा वेगळाच होता. प्रत्येक सभेत साहेब सांगायचे, “मी तुमच्यासाठी जे केलं ती मेहरबानी नव्हती, तो तुमचा हक्क होता. माझे उपकार मानू नका.” लोकांनी ते ऐकलं. समोरचा उमेदवार रेशनकार्डाचं पानसुद्धा स्वतःच्या खिशातून काढून दिल्यासारखं द्यायचा, लग्नाला आहेर, मयतीला हजेरी, आणि दर वेळी बजावायचा, “ध्यानात ठेवा बरं का.” मत ही आपल्याकडं परतफेड असते. साहेबांनी आयुष्यभर एकालाही कर्जात ठेवलं नव्हतं, मग वसुली कुणाकडून करणार?

त्यात एका सभेत म्हातारी आत्या उठली. “वकीलसाहेब, बायकांच्या हक्काचं लई ग्वाड बोललास. तुझ्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर हाय का रं?”

दुसरा कुणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. साहेब आठवडाभर झोपले नाहीत, आणि प्रचार सोडून तलाठ्याकडं गेले. बहिणीच्या नावाची नोंद धरायला अर्ज दिला. बहिणीला आनंद झाला, पण तिचं मत होतं करमाळ्याला. इथली भावकी मात्र एका रात्रीत फिरली. “आज ह्यानं बहिणीचं नाव लावलं, उद्या आमच्या बहिणी दारात येतील.” हुकमाची म्हणून धरलेली मतं तीच होती.

अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. साहेब त्याच्या आसपासही फिरकले नाहीत. निकालानंतर पारावर ते म्हणाले, “बाबासाहेबांनासुद्धा लोकांनी १९५२ ला मुंबईत पाडलं, १९५४ ला भंडाऱ्यात पाडलं.” एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, “खरं हाय. पर त्यांनी आधी घटना लिवली होती. तुम्ही निदान आमच्या घरकुलाचा अर्ज तरी लिवा.” साहेबांनी पेन काढलं.

आठ दिवसांनी रात्री दोनला फोन वाजला. विजयी मिरवणुकीतल्या हाणामारीत निवडून आलेल्यांचाच एक कार्यकर्ता आत गेला होता. आमदारांचा फोन बंद होता. साहेब गेले, मेमो मागितला, पोराला सोडवलं आणि मोटारसायकलवर मागं बसवून सोनारीकडं निघाले. न राहवून विचारलं, “खरं सांग, मला मत दिलंस का?”

“नाय दिलं साहेब. घरातल्या चारीबी मतांतलं एक नाय दिलं.”

“का रे?”

“तुम्ही आमदार झाला असता, तर आज फोन कुणी उचलला असता?”

साहेबांनी गाडीचा वेग कमी केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण मला एक सांग, जिल्हा परिषदेचा सदस्य रात्री फोन उचलतो ना?”