भुवयांचं श्रेय

लखनौच्या हज़रतगंजमध्ये ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यानं १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दू दास्तानीचे खंड काढले. त्यातला अमर हा अय्यार, म्हणजे बहुरूपी हेर; अट्टल लबाड आणि पैशाचा हावरा. मेलेल्या शत्रूच्या अंगावरचे कपडेसुद्धा सोडत नाही. सगळं त्याच्या कधीच न भरणाऱ्या झोळीत. याच्यावर सिनेमा काढायचा म्हटलं, की बैठकीत पहिली सूचना येणार : बालपण दुःखी दाखवू. मग एक आजारी आई, आणि मध्यंतरानंतर हाव सोडून थेट देशसेवा!

अतिशयोक्ती वाटते? मग देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ ही कादंबरी घ्या, साल १८८८. तिथल्या अय्यारांचं भांडवल वेषांतर, दोर आणि बेशुद्धीची पूड. १९९४ साली ती मालिका होऊन दूरदर्शनवर आली आणि या अय्यारांना मागे टाकून वजिराचा मुलगा क्रूरसिंह झुपकेदार भुवया नि ‘यक्कू’ हे पालुपद घेऊन घराघरांत शिरला. नायकाचं नाव आज दहा जणांना विचारून बघा. भुवया मात्र सगळ्यांना पाठ. क्रूरसिंह झालेल्या अखिलेंद्र मिश्रांनी काम झकासच केलं, त्यात वाद नाही. फक्त श्रेयनामावलीत खत्रींच्या आधी भुवयांचं नाव हवं होतं.