स्टेशनपासून दहा मिनिटं

कल्याणच्या पुढे रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. आणि या दोन्ही फाट्यांवर एका विशिष्ट प्रकारचे गृहस्थ राहतात, निदान त्यांच्या भाडेकरारावर तरी तसं लिहिलेलं असतं. शेलू, नेरळ, भिवपुरी, वाशिंद, आसनगाव अशा एखाद्या स्टेशनाजवळच्या गावात यांनी वन रूम किचन भाड्यानं घेतलेलं असतं. नोकरी फोर्टला, नाही तर दादरला. एवढ्या लांब का, असं विचारलं तर ते भाड्याचा आकडा सांगत नाहीत. डोळे किंचित मिटतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, ‘‘अहो, काय शांतता आहे!’’ हा माणूस शहराला कंटाळून गावात गेला अशी सर्वांची समजूत आहे, त्याची स्वतःची तर पक्कीच. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इतका अस्सल मुंबईकर खुद्द मुंबईतही सापडायचा नाही, आणि ज्या शांततेचं तो दरमहा भाडं भरतो ती वापरायला त्याला आजवर सवड मिळालेली नाही.

हिशेब मांडून पाहू. सीएसएमटी ते कर्जत हे अंतर सुमारे १०० किलोमीटर, आणि लोकलला त्यासाठी दोन तासांच्या आसपास लागतात. घर ते स्टेशन हा भाग वेगळा. जाहिरातीत घर ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असतं. ती दहा मिनिटं घरमालकाच्या मुलाच्या मोटारसायकलची. पायी त्यांची पंचवीस होतात, आणि शेअर रिक्षानं किती होतील हे पाचवा प्रवासी कधी उगवतो यावर ठरतं. ऑफिसचे ९ तास, जाण्यायेण्याचे ५. म्हणजे २४ पैकी १४ तास गृहस्थ गावाबाहेर. उरलेल्या दहांतले साडेसहा झोपेचे. राहिलेल्या साडेतीन तासांत अंघोळ, जेवण, पाण्याची मोटर, मोबाइलचं चार्जिंग आणि आज गाडी किती लेट होती याचं घरच्यांसमोर सविस्तर निवेदन. पहाटे कोकिळ ओरडतो तेव्हा यांची दाढी चाललेली असते आणि बेसिनचा नळ पूर्ण सोडलेला असतो. संध्याकाळी माथेरानच्या कड्यावरचं ऊन तांबूस होतं, गुरं गोठ्याकडे वळतात, तेव्हा हे कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये कुणाच्या तरी बॅगेचा कोपरा बरगडीत घेऊन उभे असतात. हिवाळ्यात तर आठवड्याचे सहा दिवस स्वतःचं गाव त्यांना उजेडात दिसतच नाही. समोरच्या घराचा रंग कोणता, असं अचानक विचारलं तर ते बायकोकडे बघतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो झोपेचा. बाकी काही असो, रात्री निवांत झोप तर लागते? हा आक्षेप त्यांच्या झोपेच्या सवयी ठाऊक नसलेलेच लोक घेऊ शकतात. सकाळच्या गाडीत हे गृहस्थ वांगणीपासून चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धे आत आणि अर्धे अधांतरी, गाढ झोपतात. समोर पत्त्यांचा डाव रंगलेला असतो, पलीकडे भजनी मंडळी टाळ कुटत असते, दरवाज्यात उतरण्यावरून दोघांची जुंपलेली असते. यांच्या कानापर्यंत त्यातलं काही पोचत नाही, आणि आपल्या स्टेशनाच्या एक स्टेशन आधी त्यांना बरोबर जाग येते. ज्याला अशा ठिकाणी झोप लागते त्याला झोपेसाठी शांत गाव लागतं, हे पटायचं कसं? उलट नव्या भाडेकरूला पहिले काही दिवस गावात झोपच येत नाही, कारण काहीच ऐकू येत नाही. मध्यरात्री घाटाकडे निघालेली एखादी मेल शिटी देते तेव्हा कुठे त्याचा डोळा लागतो.

राहिला रविवार. तो पाहुण्यांचा. शांतता एकट्यानं उपभोगण्यात अर्थ नसतो, ती कुणाला तरी दाखवावी लागते. म्हणून दर रविवारी मेव्हणे, साडू, ऑफिसातले दोघंतिघं सहकुटुंब येतात. जेवणं झाल्यावर गृहस्थ सर्वांना गच्चीवर नेतात आणि बोट उंच करून म्हणतात, ‘‘ऐका! काही ऐकू येतंय?’’ सगळे आज्ञाधारकपणे गप्प होतात. नेमका त्याच क्षणी खालच्या खोलीतला मिक्सर सुरू होतो. मग डोंगर दाखवला जातो, पावसाळ्यात इथून धबधबा दिसतो ती दिशा दाखवली जाते, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात भाजीची पिशवी दिली जाते. ‘‘आमच्याकडची ताजी.’’ ही भाजी त्यांनी शनिवारी रात्री दादर स्टेशनबाहेर घेतलेली असते. यात त्यांचा दोष नाही. गावातली भेंडी, काकडी आणि पावसाळ्यातली करटोली पहाटेच, त्यांच्याही आधीच्या गाडीच्या मालडब्यातून शहराकडे गेलेली असतात. गावची भाजी गावात मिळवायची तर कल्याणला जाऊन आणावी लागते.

मुळात ही शांतता असते तरी कितपत? ठाणे-रायगडच्या या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी आणि हळदीपेक्षा तिचा बँजो मोठा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे खरी, पण २००० सालच्या त्या नियमांना हळदीचं आमंत्रण बहुधा पोचत नाही. भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली की टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक असतो, आणि सकाळपासून कर्ण्यावर समालोचन. मग हरिनाम सप्ताह. शनिवारी फार्महाऊसवर शहरातली मंडळी शांततेसाठी येतात आणि येताना स्पीकर घेऊन येतात. गावकऱ्यांना याचं काही वाटत नाही, कारण आपलं गाव शांत आहे असा दावा त्यांनी कधी केलेलाच नाही. ही पदवी भाडेकरूनं दिली आणि तिची अब्रूही त्यालाच राखावी लागते. फोनवर कुणी विचारलं, ‘‘मागे कसला आवाज येतोय?’’ तर तो लगबगीनं खिडकी लावतो आणि म्हणतो, ‘‘आज जरा कार्यक्रम आहे.’’ हा ‘आज’ दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत चालतो.

घरमालक त्या मानानं व्यवहारी. भाताच्या खाचराचा एक तुकडा भरून त्यानं ओळीनं खोल्या काढलेल्या असतात. डिपॉझिट हातात पडेपर्यंत तो भाडेकरूला ‘साहेब’ म्हणतो, नंतर ‘ते तीन नंबरवाले’. भाडेकरू मात्र त्याला पहिल्या दिवसापासून ‘काका’ म्हणतो. नातं जोडलं की भाडं वाढत नाही, असा त्याचा समज असतो. काका तो समज अकराव्या महिन्यात दूर करतात. हे अकरा महिने हाही एक नमुनाच आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून हा आकडा रूढ झाला. पुढे महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ नं सांगितलं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे अकरा महिन्यांच्या मुदतीनं नोंदणी आता वाचत नाही. तरी मुदत अकराचीच, आणि कागद नोटरीचा शिक्का मारून थेट कपाटात. गंमत मालकाची नव्हे, भाडेकरूची आहे. कायदा एवढा त्याच्या बाजूनं उभा असताना हाच म्हणतो, ‘‘काकांशी घरोबा आहे आपला, कागदाचं काय घेऊन बसलात!’’ काकांना मात्र शांततेबद्दल विचारलं तर ते गोंधळतात. त्यांचा थोरला मुलगा डोंबिवलीत भाड्यानं राहतो, नातवाची शाळा तिकडे. काकांच्या मते गावात काही नाही.

कुणी म्हणेल, ही चेष्टा बरी नव्हे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसं लांब जातात, हौस म्हणून नाही. अगदी मान्य. पण पत्र्याच्या खोलीत चौघांबरोबर राहून पहाटेची पहिली गाडी पकडणारा कामगार या लेखात नाहीच. तो शांततेबद्दल बोलत नाही. तो भाड्याबद्दल बोलतो, पाण्याबद्दल बोलतो, गाडीबद्दल बोलतो, आणि तिन्ही बाबतींत त्याचं बरोबर असतं. आपल्या गृहस्थांनाही शहर परवडत नाहीच, फक्त तसं म्हणणं परवडत नाही. ‘ठाण्याचं भाडं झेपेना’ यापेक्षा ‘ठाण्यात जीव गुदमरतो’ हे वाक्य जेवणाच्या सुट्टीत चारचौघांत बरं दिसतं. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. रोज पाच तासांची यातायात करायला माणसाला एखादं थोर कारण लागतं, आणि भाड्यातली बचत हे कारण बदलापूर येईपर्यंतही पुरत नाही. मुलांना मोकळी हवा मिळते, हा मुद्दाही खरा आहे. मुलं अंगणात खेळतात, चिंचा पाडतात, रस्त्यावर सायकल शिकतात; सासूबाईंचा दमा कमी होतो. म्हणजे गावाचा उपयोग होतो, पण भाडं भरणारा सोडून बाकी सगळ्यांना.

बरं, त्याला सवड नाही म्हणून तो शांतता भोगत नाही, सवड मिळाली तर भोगेल, असं म्हणावं तर तीही परीक्षा होऊन गेली आहे. पावसाळ्यात उल्हास नदी फुगते आणि गाड्या बंद पडतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी ऑफिसला जाणं अशक्य, रजा आपोआप मंजूर, बाहेर हिरवंगार शिवार. आणि आपले गृहस्थ कुठे? छत्री घेऊन स्टेशनात, बंद इंडिकेटरखाली, ‘‘बदलापूरपासून तरी सोडताहेत का हो?’’ असं विचारत. मोठी परीक्षा २०२० च्या मार्चमध्ये झाली. लोकल बंद झाली, आणि सर्वसामान्य प्रवाशांना ती पुन्हा मिळायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. ज्यांचं काम घरून चालू राहिलं त्यांना दहा महिन्यांहून अधिक काळ स्वतःचं गाव सलग, दिवसाउजेडी मिळालं. ‘आमच्याकडे रेंजसुद्धा नाही’ असं आधी कौतुकानं सांगणारे तेव्हा गच्चीच्या कठड्यावर फोन उंच धरून फिरत होते. गाडीतल्या ग्रुपची आठवण तर अशी यायची की सकाळच्या गाडीच्या वेळेला त्यांचे एकमेकांना फोन ठरलेले असत.

या गृहस्थांचा खरा राग मात्र बँजोवर नसतो, त्यांच्यानंतर आलेल्या भाडेकरूंवर असतो. ‘‘आम्ही आलो तेव्हा इथे नुसतं शेत होतं,’’ असं ते ज्या खोलीत बसून सांगतात तीही शेतातच बांधलेली असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक शांतताप्रेमी माणसाला एक खोली लागते, खोलीला विटा लागतात, विटांना डंपर लागतो आणि डंपरला रस्ता. डोंबिवली अशीच शांत होती, मग बदलापूर शांत होतं. आता पाळी पुढच्या स्टेशनांची आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम निघाल्यापासून त्यांना दोन चिंता लागल्या आहेत: तो लवकर सुरू होत नाही ही एक, आणि सुरू झाल्यावर गर्दी वाढेल ही दुसरी. दोन्ही ते एकाच दमात बोलून दाखवतात. काकांना चिंता नाही. भाड्याचा नवा आकडा त्यांनी मनाशी ठरवून ठेवला आहे.

तेव्हा अशा गावात घर बघायला जाणार असाल तर रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर गाडीतून उतरा, शेअर रिक्षा भरेपर्यंत उभे राहा आणि मग घर बघा. मे महिन्यात पाणी कुठून येतं हे काकांना विचारू नका, शेजारच्या खोलीतल्या बाईंना विचारा. करार नोंदवून घ्या. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे, नोंदणीची फी गावात हजाराच्या आत. त्या करारात पंखे, ट्यूबलाइट, नळ आणि चाव्या यांची मोजून नोंद असते. शांततेची नसते.